कुठलं शिवाजीनगर?

मराठी विकिपीडियावर दुवा द्यायला फारसं काही लागत नाही. नावाच्या अलीकडे दोन चौकोनी कंस, पलीकडे दोन चौकोनी कंस, आणि बदल साठवला की नावाला रंग चढतो. त्या नावाचं पान असेल तर निळा, नसेल तर लाल. कुर्ला, चेंबूर, मानखुर्द, वाशी अशी हार्बर लाइनची नावं लिहीत गेलं की सगळं निळंशार. गोवंडी स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाले ज्या नावांनी हाका मारतात ती लिहायला घेतली की पान लाल व्हायला लागतं. बैंगनवाडी, रफी नगर, निरंकारी नगर, लोटस, पद्मा नगर, कमला रमण नगर. रात्री जेवणं झाली की मी तासभर हे काम करतो. पगार नाही, कुठे नाव छापून येत नाही. तेवढ्या वेळात उद्याची भाजी निवडून झाली असती असं बायको म्हणते, आणि तिचं चुकत नाही.

नव्याने आलेल्या माणसाला लाल रंग खुपतो. लाल शाई बघितली की आपल्याला अजून शाळेतली वही आठवते. म्हणून तो पहिल्या उत्साहात लाल नावांचे कंस काढून टाकतो आणि पान स्वच्छ केल्याचं समाधान मिळवतो. मग जुन्यांपैकी कुणीतरी येऊन ते कंस गुपचूप परत घालतो. इथे एक पान हवं होतं, ते अजून कुणी लिहिलेलं नाही, एवढंच लाल दुवा सांगत असतो. अशा न लिहिलेल्या पानांची एक वेगळी यादीच तिथे आपोआप तयार होते. 'हवे असलेले लेख' असं तिचं नाव. कुठल्या गैरहजर लेखाची आठवण किती पानांनी काढली, त्याची उतरंड. हजर असलेल्यांची मोजदाद सगळेच ठेवतात. गैरहजरांची इतकी नीट ठेवलेली वही माझ्या बघण्यात दुसरी नाही.

छापील कोशातही लाल दुवे होते, फक्त ते काळ्या शाईत असायचे. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी 'पहा' लिहून पुढे दुसऱ्या नोंदीचं नाव देतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली पहिला खंड निघाला १९७६ साली, आणि अखेरचे खंड उजाडले ते नव्या शतकात. पहिल्या खंडातल्या 'पहा'ने जर वर्णमालेच्या शेवटाकडे बोट दाखवलं असेल, तर वाचकाने तेवढी वर्षं थांबायचं. तोवर त्याची मुलं शिकून नोकरीला लागली असणार. तरी वाईत बसणाऱ्या विश्वकोशाच्या संपादकांनी तो 'पहा' लिहिला, कारण पुढे ती नोंद येणार हे त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं. माझ्यासारख्याला तेवढीही खात्री नसते. मी बैंगनवाडीला कंस घालतो तेव्हा ते पान कोण लिहील, कधी लिहील, काही ठाऊक नसतं.

ही सगळी युक्ती वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरची. २५ मार्च १९९५ ला त्याने पहिली विकी लोकांसाठी खुली केली. होनोलुलूच्या विमानतळावर एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या बसला 'विकी विकी' म्हणतात, म्हणजे झटपट. तिथून त्याने नाव उचललं. त्याच्या विकीत कंस नव्हते. दोन-तीन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहायचे, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल काढायचं, की झाला दुवा. त्या नावाचं पान नसेल तर शब्दाच्या शेपटाला एक प्रश्नचिन्ह उमटायचं. त्यावर टिचकी मारली की कोरं पान समोर यायचं, ज्याला माहीत असेल त्याने लिहावं. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला तेव्हा तिथेही आधी हीच रीत होती, पण लवकरच चौकोनी कंस आले. आपल्या दृष्टीने बरंच झालं. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही, तेव्हा कनिंगहॅमच्या रीतीने मराठीत एकही दुवा देता आला नसता. १ मे २००३ ला मराठी विकिपीडियाचा जन्म झाला तोवर कंस रुळले होते, आणि कंसाला लिपीशी काही देणंघेणं नसतं.

कंस आले म्हणून मराठीत सगळं सोपं झालं असं मात्र नाही. इंग्रजीत नाव वाक्यात कुठेही ठेवा, ते ताठ उभं असतं. मराठीत नाव वाक्यात शिरलं की वाकतं. 'गोवंडीत', 'चेंबूरला', 'मानखुर्दहून' इथवर ठीक आहे. मूळ नाव कंसात बंद करून प्रत्यय बाहेर चिकटवला तरी पूर्ण शब्द निळा होतो. पण कुर्ल्याला जायचं असेल तर? वडाळ्याहून यायचं असेल, ठाण्यात राहायचं असेल, पुण्याच्या बाजूला सरकायचं असेल तर? 'कुर्ल्या' नावाचं पान कुठून असणार? मग कंसात आधी पानाचं खरं नाव, मग एक उभी रेघ, मग वाक्याला हवं ते रूप असं लिहावं लागतं. कुर्ला, उभी रेघ, कुर्ल्याला. वाचणाऱ्याला रेघ दिसत नाही, पण एका परिच्छेदात वडाळा, कुर्ला आणि ठाणे एकत्र आले की लिहिणाऱ्याची बोटं त्या रेघेनेच दुखतात.

त्याहून वस्ताद प्रकरण आहे वऱ्हाडातल्या 'ऱ्हा'चं. तो दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' घ्यायचा. दुसऱ्या तऱ्हेत साधा 'र' घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत एक. डोळ्यांना चष्मा लावा की भिंग, फरक दिसणार नाही. यंत्राला मात्र ती दोन निरनिराळी नावं. त्यामुळे पान डोळ्यांसमोर आहे, नाव अक्षरन्‌अक्षर तेच आहे, आणि दुवा तरी लालच. 'ॲ'चंही तेच. वडाळ्यापलीकडच्या अँटॉप हिलची सुरुवात साध्या 'अ'वर चंद्रबिंदू देऊन करा, अर्धचंद्राच्या 'ॲ'वर अनुस्वार देऊन करा, नाहीतर 'अ'ला चंद्र आणि अनुस्वार सुटे सुटे जोडून करा. टेकडी एक, नावं तीन. आणि मराठी लेखकांच्या आद्याक्षरांबद्दल तर बोलूच नये. पु. ल. देशपांडे लिहिताना टिंबानंतर जागा सोडायची की नाही यावर मी लोकांना तासन्‌तास भांडताना पाहिलंय. पुलंनी स्वतः पाहिलं असतं तर त्यातून एखादा तरी लेख नक्की पदरात पाडून घेतला असता.

यावरचा विकीचा तोडगा मला फार आवडतो. तोडग्याचं नाव बोजड आहे, 'पुनर्निर्देशन', पण काम साधं. ज्या ज्या नावाने माणूस शोधत येईल त्या प्रत्येक नावाचं एक ओळीचं पान करायचं, आणि त्या ओळीने त्याला मूळ पानावर नेऊन सोडायचं. चुकीचं स्पेलिंग घेऊन आलात तरी कुणी दारातून परत पाठवत नाही. व्ही.टी. शोधा, छत्रपती शिवाजी टर्मिनस शोधा किंवा २०१७ पासूनचं 'महाराज' जोडलेलं नाव शोधा, पोहोचायचं एकाच स्थानकात. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. स्टेशनावरची पाटी एका रात्रीत उतरली, पण विकीवर जुनं नाव पुसायची गरज पडत नाही. ते मागे उभं राहून येणाऱ्याला पुढचा रस्ता दाखवत राहतं. बायकांच्या बाबतीत तर ही सोय म्हणजे उपकारच. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच बाईची नावं. एक माहेरचं, एक सासरचं, आणि तिसरं 'कळ्यांचे निःश्वास' लिहिताना स्वतः निवडलेलं. पान कुठल्या नावाने असावं? मी म्हणेन, जे तिने स्वतः घेतलं त्या. पण माझं मत दुसऱ्या कुणाला पटलं नाही तरी शोधणाऱ्याचं काही अडत नाही. तिन्ही नावांनी ती सापडते.

अडतं ते उलट असेल तेव्हा. एका पानाला तीन नावं असली तर पुनर्निर्देशन आहे. एका नावाला तीस जागा असल्या तर काय करणार?

शिवाजीनगर म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पुणं येतं. तिथलं रेल्वे स्टेशन, तिथलं कोर्ट, आता मेट्रो. बंगळूरमध्येही जुनं आणि गजबजलेलं शिवाजीनगर आहे. महाराष्ट्रात तर तालुक्याच्या गावाला एखादं शिवाजीनगर नसेल तर त्या गावाला नगरपालिकाच नसावी असा संशय घ्यायला हरकत नाही. आणि मग मुंबईच्या गोवंडीतलं आमचं शिवाजीनगर. १९७०च्या दशकात महापालिकेने शहरातल्या ठिकठिकाणच्या वस्त्या उठवून माणसं इथे आणून बसवली, दलदलीच्या काठावर प्लॉट आखून दिले, आणि त्या आखणीला एक नाव दिलं. आतल्या रस्त्यांना नावं द्यायला मात्र कुणाला वेळ झाला नाही. म्हणून आजही पत्ता असा असतो : प्लॉट नंबर अमुक, लाइन तमुक, रूम नंबर इतका, रोड नंबर सहा. जेवणाचा डबा घेऊन आलेला डिलिव्हरीवाला पोरगा फोनवर हा पत्ता ऐकून घेतो आणि शेवटी विचारतोच, 'सिग्नल के आगे या पीछे?'

आता या शिवाजीनगरचं पान करायचं तर शीर्षक काय द्यायचं? रिवाज असा की नुसतं, बिनकंसाचं नाव ज्या जागेसाठी सगळ्यांत जास्त लोक येतात तिला द्यावं, बाकीच्यांनी नावापुढे कंस लावून घ्यावा. म्हणजे पुणं 'शिवाजीनगर', आणि आम्ही 'शिवाजीनगर, कंसात गोवंडी'. मला हे मान्य नाही. जिथे एका नावाचे इतके धनी आहेत तिथे बिनकंसाचं नाव कुणालाच मिळू नये. त्या नावावर निःसंदिग्धीकरणाचं पान असावं, म्हणजे नुसती यादी. यावं, आपलं शिवाजीनगर कुठलं ते बघावं आणि तिकडे जावं. पुणेकरांनाही कंस लावावा लागेल, त्याला इलाज नाही. (त्यांना तो अपमान वाटेल याची मला कल्पना आहे.)

बरं, आम्ही कंस लावला तरी कंसात काय लिहायचं हा प्रश्न सुटत नाही. 'मुंबई' लिहावं तर मुंबईतच आणखी शिवाजीनगरं आहेत. रेल्वेच्या हिशेबाने आम्ही गोवंडी. मतदान करायला गेलो की 'मानखुर्द शिवाजीनगर'. महापालिकेच्या कागदावर 'एम पूर्व'. टपाल खात्याला यांपैकी काही नको असतं, ४०० ०४३ म्हटलं की पुरे. शेवटी मी 'गोवंडी' लिहिलं, कारण घरी जायला निघालेला माणूस कुर्ल्याच्या पुलावर त्याच नावाच्या स्टेशनाला थांबणारी गाडी बघतो. 'येथे कुणी एम पूर्वला जात नाही', असं बदलाच्या सारांशात लिहिण्याचा मोह झाला होता, आवरला.

शताब्दीचा घोळ तर रोजचा. गोवंडीत पालिकेचं पंडित मदन मोहन मालवीय शताब्दी रुग्णालय आहे. हे लांबलचक नाव केसपेपरावर छापलेलं असतं, तोंडात कुणाच्याच नसतं. सगळे म्हणतात शताब्दी. कांदिवलीला पालिकेचं भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे, त्यालाही सगळे म्हणतात शताब्दीच. 'सासूला शताब्दीत ठेवलंय' असा फोन आला की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'कुठल्या शताब्दीत?' चुकून दुसऱ्या टोकाला गेलं तर भेटायची वेळ संपून जाते. निःसंदिग्धीकरण हा काही पंडितांचा चोचला नव्हे, हे मला त्या फोनांनी शिकवलं.

नावाचं भांडण खरं पेटलं ते उड्डाणपुलावरून. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवरचा पूल १ ऑगस्ट २०२१ ला खुला झाला. त्याआधी काही महिने त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव द्यावं की ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांचं, यावर पत्रं लिहिली गेली, मोर्चेबांधणी झाली, वाहिन्यांवर चर्चा रंगल्या. शेवटी महाराजांचं नाव ठरलं आणि पाटी लागली. पाटीवर जागा एकाच नावाला असते, भांडणाचं मूळच ते. रिक्षावाल्याने मात्र दोन्ही बाजूंचं काही मनावर घेतलं नाही. तो अजून एवढंच विचारतो : 'ऊपर से या नीचे से?' विकीवर शीर्षकात अधिकृत नाव राहील, आणि 'लिंक रोडचा ब्रिज' एका ओळीच्या पानातून तिकडे येईल. पण शीर्षकाची जागा तिथेही एकच असते, तेव्हा विकीवर भांडणं नाहीत असं कुणी म्हणू नये. फक्त ती 'चावडी' नावाच्या पानावर होतात, कोण काय बोललं ते इतिहासात कायम राहतं, आणि आवाज चढवायला अक्षर ठळक करण्यापलीकडे साधन नसतं.

आमच्याकडे पुनर्निर्देशनाचा आणखी एक प्रकार चालतो, तो कुठल्याही विकीहून जुना आहे. नोकरीच्या अर्जावर, स्थळाच्या बायोडेटावर, बँकेच्या फॉर्मवर गोवंडीची माणसं 'चेंबूर' लिहितात. निदान 'चेंबूरजवळ' तरी. स्टेशनाच्या ज्या बाजूला संस्था आणि सोसायट्या आहेत तिथे 'देवनार' लिहितात. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४ पासून इथे आहे, पत्ता देवनार. लोकसंख्येचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था तर गोवंडी स्टेशन रोडवरच आहे, पुढे लिहायचं पुन्हा देवनार. त्यात लबाडी नाही, टपालाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ विभागांत एम पूर्व सगळ्यांत तळाला होता, आणि तेव्हापासून गोवंडी या नावाला जो वास चिकटला तो अर्ज चाळणाऱ्यालाही येतो. विकीवरचं पुनर्निर्देशन माणसाला त्याला हव्या त्या जागी आणतं. अर्जावरचं त्याला तिथून दूर नेतं.

मला स्वतःला नावांपेक्षा दुव्यांचं अप्रूप अधिक आहे. प्रत्येक पानाच्या कडेला 'येथे काय जोडले आहे' अशी एक ओळ असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तिच्यावर टिचकी मारली की या पानाची आठवण आणखी कुठल्या कुठल्या पानांनी काढली आहे ते दिसतं. आपण काय लिहिलं ते पानात असतं. इतरांनी आपल्याला कुठे जमेला धरलं ते या यादीत. ज्या पानाकडे एकही दुवा येत नाही ते 'पोरक्या पानां'च्या यादीत जातं. पान शाबूत असतं, मजकूर चांगला असतो, पण चालत चालत तिथे कुणी पोहोचू शकत नाही. नाव आधीच माहीत असेल त्यालाच ते सापडतं.

गोवंडीची ही यादी कागदावर करून बघावी. कुर्ला-चेंबूर लोहमार्ग टाकला गेला १९०६ मध्ये, आणि त्यावर प्रवासी गाडी धावली ती १९२४ मध्ये. मधल्या काळात आणि त्यानंतरही शहराचा कचरा वाघिणींत भरून या बाजूला येत होता. म्हणजे आमच्याकडे रेल्वेने आधी कचरा आला, मागून माणसं. १९२७ पासून देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. गिरगावात, दादरला, पार्ल्यात गेल्या शंभर वर्षांत जे जे फेकलं गेलं त्यातलं बरंचसं इथे येऊन थरावर थर झालं. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना हलवून देवनारला आणला. मग पुनर्वसन. रस्ता रुंद करायचा, रूळ वाढवायचे, नाला मोकळा करायचा म्हणून जी घरं पडली त्यांतली कितीतरी माणसं नटवर पारेख कंपाऊंडच्या आणि पलीकडे मानखुर्दला लल्लूभाई कंपाऊंडच्या इमारतींत आली. त्या इमारतींनाही नावं नाहीत, नंबर आहेत. मुंबईतल्या एकूण एक जागेचा गोवंडीकडे दुवा आहे, आणि तो दुवा त्या जागेच्या पानावर नाही. दादरच्या पानावर मंडई येईल, फुलबाजार येईल, शिवाजी पार्क तर येईलच येईल. त्या मंडईतला पालापाचोळा संध्याकाळी कुठे जातो, त्याला कंस कुणी घालत नाही.

शहराने तो दुवा उघडून बघितला तो एकदाच. जानेवारी २०१६ संपता संपता डम्पिंगला आग लागली. धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, आसपासच्या शाळांना सुटी द्यावी लागली, आणि वारा फिरला तसा तो धूर नाव सांगत सांगत दूरदूरच्या उपनगरांत गेला. तेव्हा आठवडाभर गोवंडी आणि देवनार ही नावं सगळ्या वर्तमानपत्रांत होती.

आणि इथेच लाल दुव्याचं खरं दुखणं आहे. पान लिहायचं तर संदर्भ लागतो, छापलेला, तिऱ्हाइताने लिहिलेला. नियम योग्यच आहे. तो नसता तर प्रत्येक नगरसेवकाचं चरित्र पाच हजार शब्दांचं झालं असतं. पण छापलेलं काय सापडतं? आग लागली, भिंत पडली, गोवराची साथ आली, धाड पडली. याच बातम्यांवरून पान रचलं तर ती वस्ती कायम जळत, पडत आणि आजारी राहते. दुसरीकडे संशोधकांचे अहवाल आहेत, भरपूर आहेत, कारण दोन मोठ्या संस्था उंबऱ्यावरच आहेत. ते इंग्रजीत आणि तक्त्यांत असतात. त्यांत माणसांची टक्केवारी असते, गल्ल्यांची नावं क्वचित. कधीमधी वेगळं काही हाती लागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये नटवर पारेख कंपाऊंडमध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला. तिथल्या पोरांनी काढलेले फोटो, बसवलेलं नाटक, रंगवलेल्या भिंती यांवर वर्तमानपत्रांनी लिहिलं. मी ती कात्रणं अधाशासारखी गोळा केली. गोवंडीच्या पानात 'कला' असा मथळा घालायला त्यामुळे आधार मिळाला.

शेजारचा एक मुलगा आहे, दहावीतला. माझ्या पडद्यावर नकाशा बघून एकदा थांबला.

"काका, तुम्ही विकिपीडियावर लिहिता ना? आमचा रोड टाका ना त्यात."

"कुठला?"

"रोड नंबर सहा. मामूचं घर आहे तिथे, मी तिथेच वाढलो."

"काय लिहू त्याच्याबद्दल?"

"जरीचं काम होतं ना तिथे. वरचे सगळे माळे जरीवाल्यांचेच. दुबईला जातो माल."

"हे कुठे छापून आलंय का?"

"छापून कशाला पाहिजे? येऊन बघा ना."

मी गेलोही. जिन्याऐवजी लोखंडी शिडी, वर पोटमाळ्यावर लाकडी चौकटीत ताणून बसवलेलं गर्द हिरवं कापड, त्याच्या चारी बाजूंनी मांडी घालून बसलेले कारागीर. एक हात वरून कापडात सुई टोचतोय आणि दुसरा हात खालून, न बघता, तिला धागा पुरवतोय. आवाज फक्त पंख्याचा आणि कुणाच्या तरी मोबाइलवरच्या कव्वालीचा. विकिपीडियात यातलं काहीही घालता येत नाही, कारण हे मी पाहिलं आहे. मी पाहिलेलं हा संदर्भ होत नाही. उद्या एखाद्या पत्रकाराने तीच शिडी चढून तेच लिहिलं तर होईल. मुलाला हे समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तुम्हीच पेपरात द्या की." म्हणून हा लेख नाही, पण त्याचं म्हणणं डोक्यातून गेलेलं नाही एवढं खरं. रोड नंबर सहा मी शिवाजीनगरच्या मसुद्यात कंसात घालून ठेवला आहे. लाल आहे. कुणी काढला तर परत घालीन.

सध्या धूळपाटीवर कत्तलखान्याचं पान चाललं आहे. धूळपाटी म्हणजे कच्चं लिहायची जागा. हे नाव ज्याने दिलं त्याला मी मनातल्या मनात नेहमी नमस्कार करतो. शीर्षक 'देवनार पशुवधगृह' असं ठेवतोय, कारण कागदोपत्री तेच आहे. वर्तमानपत्रं 'कत्तलखाना' लिहितात, बकरी ईदच्या आधी सगळी मुंबई 'देवनारची मंडी' म्हणते, ही दोन्ही नावं तिकडे वळवली. मग दुवे. बकरी ईदच्या पानावरून एक, एम पूर्व विभागावरून एक. आणि वांद्र्याच्या इतिहासात एक वाक्य : १९७१ पर्यंत शहराचा कत्तलखाना इथे होता, नंतर तो देवनारला हलवण्यात आला. 'देवनारला' लिहिताना रेघ लागली नाही, तेवढीच सोय. दुसऱ्या दिवशी एका सदस्याने ते वाक्य काढलं होतं. चर्चा पानावर त्याने सभ्यपणे विचारलं आहे की वांद्र्याच्या लेखात चर्च आहेत, किल्ला आहे, सिनेमातली माणसं आहेत, त्यात कत्तलखाना कशाला, तोही आता तिथे नसलेला. प्रश्न नीट विचारला आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं. संदर्भ दोन काढून ठेवले आहेत, वाक्य आज परत घालतोय.